गुरुवारचं गिऱ्हाईक

इंगळे हॉटेलात शिरला की आधी संडासात जायचा. लागलेली असो वा नसो. मेनूकार्डाकडे बघायचा नाही, गल्ल्यावरच्या माणसाकडे बघायचा नाही, थेट 'टॉयलेट' लिहिलेल्या दाराकडे. दोन मिनिटांनी हात पुसत बाहेर यायचा, बरोबर मधलं एखादं टेबल निवडायचा, बसायचा आणि म्हणायचा, "हं, आता बोल काय खायचं."

पहिल्यांदा मला हसू आलं होतं. पन्नाशी आली की होतं असं, असं काहीतरी मी बोललोही. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. कारण आठवडाभर हाच माणूस पाठीवर ती मोठी चौकोनी बॅग घेऊन याच हॉटेलांच्या दारात उभा असायचा, आणि त्याला याच दारात सांगितलेलं असायचं की टॉयलेट कस्टमरसाठी आहे, पेट्रोल पंपावर जा. म्हणून गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तो कस्टमर होऊन यायचा.

सुदाम इंगळे आणि मी भांडुपच्या एका कंपनीत होतो. औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनायची तिथे. तो मोल्डिंगच्या मशिनवर होता, पुढे शिफ्टचा इनचार्ज झाला, मी स्टोअरला. झाकण ही काही मोठी वस्तू नाही, पण इंगळे ते उजेडाकडे धरून असं फिरवायचा की सोनाराने अंगठी बघावी. कडेला प्लास्टिकची केसाएवढी पात राहिली असेल तर अख्खा माल मागे. सुपरवायझर म्हणायचा, जाऊ दे रे, चालतंय. 'चालतंय' या शब्दाचा इंगळेला तिटकारा होता. एकदा तो मला म्हणाला होता, "या देशात जे जे सडलंय ना, त्याच्यावर कुणीतरी आधी चालतंय म्हटलेलं असतं."

त्याच्या रागाची तऱ्हा वेगळी होती. आपण चिडलो की आवाज चढतो, त्याचा उतरायचा. जितका जास्त राग तितका आवाज खाली. मशिनच्या गोंगाटात सुपरवायझरला कान पुढे करून ऐकावं लागायचं, आणि ऐकल्यावर त्याचं तोंड उतरायचं. बावीस वर्षांत इंगळेने कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही.

मग मालकाने कंपनी राज्याबाहेर हलवली. मशिनं ट्रकवर चढली, आम्ही गेटवर राहिलो. मला मुलुंडला हार्डवेअरच्या दुकानात बिलं करायचं काम मिळालं. इंगळेला काही मिळालं नाही. अनुभव बावीस वर्षांचा आणि वय एकोणपन्नास. लोक फक्त दुसरा आकडा बघायचे. सहा महिने फिरून फिरून शेवटी त्याने जुनी स्कूटर दुरुस्त करून घेतली, मोबाईलवर जेवण पोचवणाऱ्या कंपनीचं अॅप टाकलं आणि बॅग पाठीला लावली. कंपनीच्या भाषेत तो 'पार्टनर' झाला. हॉटेलवाल्यांच्या भाषेत 'पार्सलवाला'. आणि तुमच्या-माझ्या भाषेत 'डिलिव्हरी बॉय'. केस पिकलेला, लेकीचं लग्न लावून दिलेला बॉय.

आमच्या दुकानाला गुरुवारी सुट्टी. त्यानेही तोच वार धरला. दर गुरुवारी साडेबाराला त्याचा फोन यायचा, निघ. खाली स्कूटरवर इंगळे: पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात पॉलिश केलेल्या चामडी चपला, दाढी घोटलेली. बरोबर एकच्या गर्दीला हॉटेलात पोचायचा त्याचा हट्ट. मी म्हणायचो, अडीचला जाऊ, निवांत बसता येईल. तो म्हणायचा, "निवांत बसायला नाही चाललो." एकच्या सुमाराला दाराबाहेर बॅगवाल्यांची रांग असते. ती रांग दिसेल असं टेबल त्याला हवं असायचं.

मुलुंडला एक उडुपी हॉटेल आहे. त्याच्या खांबावर कागद चिकटवलेला होता की डिलिव्हरीवाल्यांनी आत थांबू नये. आदल्या मंगळवारी भर पावसात तिथल्या मॅनेजरने इंगळेला पायरीवरून खाली उतरवलं होतं, कारण त्याच्या रेनकोटचं पाणी फरशीवर गळत होतं. गुरुवारी तोच मॅनेजर हसत टेबलापाशी आला आणि म्हणाला, आज नीर डोसा एकदम फ्रेश आहे सर.

इंगळेने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "मला ओळखलंत?"

"हो सर. तुम्ही नेहमी येता ना."

"हो," इंगळे म्हणाला. "मंगळवारी तीनदा आलो होतो."

मॅनेजर हसला, मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे गेला. त्याला काहीही कळलं नव्हतं. मी इंगळेला विचारलं, सांगितलं का नाहीस त्याला सरळ. तो म्हणाला की सांगितलं असतं तर त्याने दोन मिनिटांत सॉरी म्हणून टाकलं असतं, आणि शुक्रवारी पुन्हा पायरीवरून उतरवलं असतं. "त्याने तोंडच बघितलं नव्हतं रे माझं," तो म्हणाला. "टी-शर्ट बघितला होता. आज शर्ट बघितला." मग त्याने डोशाचा तुकडा मोडला आणि चटणी पातळ असल्याची तक्रार केली. ती खरोखरच पातळ होती.

हे सांगायला हवं, की तो नुसता सूड उगवायला जेवत नव्हता. खाण्यातलं त्याला कळायचं. भाकरी आली की आधी उलटी करून बघायचा. डाळीला वरून फोडणी दिलीय की आतून, हे वासावर सांगायचा. घाटकोपरला एका ठिकाणी सांबार कोमट आलं, त्याने परत पाठवलं. मॅनेजर येऊन म्हणाला, बाकी सगळे तर खातायत, साहेब. इंगळे उठला आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला अदबीने विचारलं, तुमचं सांबार गरम आहे का हो? मग पुढच्या टेबलाला. मग त्याच्या पुढच्या. पाच मिनिटांत चार टेबलांवरच्या वाट्या आत गेल्या. लोक गप्प खातात, कारण त्यांना वाटतं आपल्यालाच गार आलंय.

वेटरवर मात्र तो कधी चिडला नाही. वेटरला तो आधी विचारायचा, दादा, तुमचं जेवण झालं का. बहुतेकांचं झालेलं नसायचं. मग त्याचा अर्धा राग तिथूनच सुरू व्हायचा.

फक्त एक ठिकाण असं होतं, जिथे तो गुरुवारी जायचा नाही. भांडुपला एका मालवणी बाईंची खानावळ होती, चार टेबलांची. बॅगवाले आले की बाई त्यांना आत बाकावर बसवायच्या, न मागता पाणी द्यायच्या. इंगळे तिथे कामाच्या दिवशी जेवायचा. एकदा मला घेऊन गेला आणि आमटीत मीठ जास्त आहे असं तोंडावर म्हणाला. बाई आतूनच म्हणाल्या, "मीठ जास्त वाटता? मगे सोलकढी पिया आणि गप ऱ्हवा." इंगळे गप राहिला आणि सोलकढी प्यायला. नंतर मी म्हणालो, गुरुवारी इथेच येऊ या ना, झकास जेवण आहे. तो म्हणाला, "इथे मला भांडायला काही कारणच नाही. इथे येऊन काय करू?"

मे महिन्यातल्या एका गुरुवारी आम्ही बोरिवलीला गेलो. कांदिवलीला त्याची बहीण राहते, तिच्याकडे काहीतरी द्यायचं होतं, मग तसेच पुढे गेलो. थाळीचं हॉटेल, पुढून सगळी काच. काचेपलीकडे फुटपाथवर झाडाखाली सात-आठ बॅगवाले उभे. झाडाजवळ एक प्लास्टिकचं पिंप होतं आणि त्याला सुतळीने बांधलेला एक लाल मग. त्या बॅगवाल्यांत एक बाई होती, तिशीची असेल, कंपनीच्या टी-शर्टखाली सलवार. ती दारावरच्या माणसापाशी आली, काहीतरी हळू विचारलं. त्याने तिच्याकडे न बघताच पंजा दाखवला. ती मागे गेली. पाच मिनिटांनी पुन्हा आली. पुन्हा पंजा.

इंगळेने घास ताटात ठेवला, हात धुतले आणि गल्ल्यावर गेला. मीही मागे गेलो. मालक भला दिसणारा माणूस होता, गंध-बिंध लावलेला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही जेवा ना आरामात. त्यांना सवय असते." मग समजावणीच्या सुरात सांगितलं की आमच्याकडे फॅमिली येतात, ही मंडळी घामाघूम असतात, बरं नाही दिसत. आणि आम्ही काही वाईट लोक नाही, बाहेर पाणी ठेवलंय, मगसुद्धा ठेवलाय वेगळा.

इंगळे काहीतरी बोलला. मालक पुढे वाकला. "काय म्हणालात?"

"तो मग वेगळा का, विचारलं."

"हायजीन असते साहेब."

इंगळे टेबलाकडे परत आला. त्याने आमचा पाण्याचा जग उचलला, स्टीलचे दोन पेले उचलले आणि दार ढकलून बाहेर गेला. त्या बाईच्या हातात पेला देऊन त्याने जगातून पाणी ओतलं. हॉटेलातून एक जण धावत गेला, भांडी बाहेर न्यायची नाहीत म्हणून. इंगळेने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. बाईचं पाणी पिऊन झाल्यावर तिला घेऊन तो आत आला, मधल्या वाटेने, सगळ्या फॅमिल्यांच्या समोरून, आणि मालकाला म्हणाला, "या माझ्याबरोबर आहेत. माझ्या टेबलावर बसणार आहेत. यांना टॉयलेट दाखवा."

मालकाला नाही म्हणता येईना. गिऱ्हाइकाचा पाहुणा तो. बाई आत गेली. मला वाटलं, जिंकलो आपण. मी खूश होतो, खरं सांगतो. बाई बाहेर आली, तोंड धुतलेलं होतं. बसली नाही, तिची ऑर्डर तयार झाली होती. आमच्या टेबलापाशी क्षणभर थांबली. ती आभार मानेल असं वाटलं होतं, पण तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"काका, उद्या मला परत इथेच यायचंय," ती म्हणाली. "उद्या कोण असेल इथे?"

आणि निघून गेली. इंगळेने त्यानंतर एक घासही खाल्ला नाही. ताटात पुरणपोळी तशीच राहिली.

बाहेर आल्यावर स्कूटरला चावी लावून तो तसाच उभा राहिला. मग त्याने वडिलांची गोष्ट सांगितली. बावीस वर्षांत कधी सांगितली नव्हती. हिंगोलीकडचं गाव, एसटीच्या थांब्यावर चहाचं हॉटेल. त्यांच्या लोकांसाठी कानतुटके कप बाहेर वळचणीला खोचलेले असायचे. आपला आपण काढायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतला जायचा. प्यायचा, धुवायचा, परत खोचायचा. अठराव्या वर्षी वडील ते गाव सोडून मुंबईत आले, ट्रॉम्बेला बांधकामावर लागले. पहिल्या आठवड्यात एका हॉटेलात शिरून खुर्चीवर बसले आणि चहा मागवला. आला, कपबशीत. प्यायले. मग दुसरा मागवला, तहान म्हणून नाही, तर दुसऱ्यांदाही देतात का ते बघायला.

"आणि मी आज बोरिवलीत तो मग बघतोय," इंगळे म्हणाला. "आता जात विचारत नाहीत. बॅग बघतात."

मी म्हणालो, कसली माणसं रे ती, चहाच्या कपावरून असं करायची. अगदी मनापासून म्हणालो. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि स्कूटर चालू केली.

नोव्हेंबरात त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मधे दोन महिने तो अंधेरीत काम करत होता, ऑर्डरी जास्त मिळतात म्हणून. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात, पांढरे टेबलक्लॉथ आणि मंद दिवे असलेल्या, शोभावहिनींना घेऊन जायचं त्याने ठरवलं. त्या हॉटेलची पार्सलं त्याने कितीदा नेली होती; आतली खुर्ची कधी बघितली नव्हती. फोन करून टेबल बुक केलं. मलाही बोलावलं. दुपारची वेळ. वहिनी मोरपंखी साडीत, केसांत गजरा. त्या जरा बावरल्या होत्या, पण खूश होत्या.

आम्ही बसलो. पाणी आलं. तेवढ्यात पार्सलच्या खिडकीवरचा माणूस आतून चालला होता, तो इंगळेकडे बघून थबकला आणि मॅनेजरच्या कानाला लागला. मॅनेजर आला. कोट, टाय. इंग्रजीत सुरू केलं आणि मग हिंदीवर आला. तुम्ही इथे पिकअप करता ना, त्याने विचारलं. इंगळे म्हणाला, करतो. मॅनेजर म्हणाला, काही हरकत नाही, पण हे टेबल दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेलं आहे, चुकून तुम्हाला दिलं, आपण तिकडे बसा. तिकडे म्हणजे किचनच्या झुलत्या दाराला लागून, जिथे वेटर उष्ट्या प्लेटी ठेवत होते. बोलता बोलता त्याने आमच्या टेबलावर 'रिझर्व्ह्ड'ची पाटी ठेवलीसुद्धा.

वहिनी उठल्या. "चला ना," त्या इंगळेला म्हणाल्या. "मी घरी करते काहीतरी गोडाचं."

आणि मी काय बोललो ते लिहितो. मी म्हणालो, "जाऊ दे ना यार. तिकडे बसू. वहिनींचा दिवस आहे, कशाला तमाशा. चालतंय."

इंगळे माझ्याकडे वळला. त्याला मॅनेजरचा राग आलेला मी बघत होतो. त्या क्षणी तो राग सरकून माझ्याकडे आला. मग त्याने टेबलावरची पाटी उचलली आणि मॅनेजरच्या हातात दिली. "बरोबर आहे, राखून ठेवलेलं आहे," तो इतक्या हळू म्हणाला की मलाही जेमतेम ऐकू आलं. "इंगळे या नावाने. तुमच्या वहीत बघा. आणि उठवायचं असेल तर कशासाठी उठवताय ते लिहून द्या. मी ते माझ्या बायकोला वाचून दाखवतो."

मॅनेजरने लिहून दिलं नाही. आम्ही तिथेच बसलो. जेवण यायला तास लागला, आजूबाजूची मागून आलेली टेबलं जेवून उठली. वहिनी मान खाली घालून जेवत होत्या, साडीवर काही सांडू नये म्हणून पदर मांडीवर घट्ट धरलेला. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर त्या बाईच्या वाट्याला एक दुपार आली होती, आणि ती त्या टायवाल्याने खाल्ली. तो आज मला कुठे दिसला तर काय करीन, सांगता येत नाही.

दोन दिवसांनी सकाळी इंगळेने अॅप उघडलं तर त्याचं खातं बंद. कारण एका ओळीत: भागीदार हॉटेलशी गैरवर्तन. कुठल्या हॉटेलशी, काय वर्तन, काही नाही. त्याने मेसेज केले. तिकडून यंत्र उत्तर द्यायचं, आपल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे. तो कंपनीच्या ऑफिसात गेला. दारावरच्या गार्डने सांगितलं, रायडर लोकांना वर सोडत नाही. तीन दिवस तो त्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसून होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात बावीस वर्षांच्या नोकरीचं सर्टिफिकेट असलेली प्लास्टिकची फाईल घेऊन. चौथ्या दिवशी उठून घरी आला.

त्या गुरुवारी आम्ही स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहाला उभे होतो. मला त्याची काळजी वाटत होती. निदान मी तेव्हा त्याला काळजी म्हणत होतो. मी बोलायला लागलो आणि थांबलोच नाही. म्हणालो, काय मिळवलंस तू? काम गेलं, वहिनींचा दिवस गेला. प्रत्येक गोष्ट कशाला ताणायची, प्रत्येक ठिकाणी तुला तेच दिसतं. आता कोण मानतं रे एवढं?

त्याने चहाचा ग्लास ठेवला.

"तुझ्या घरी मी चहा कशात प्यायचो, आठवतं?"

मला आठवत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. एका क्षणात आठवलं. कंपनीत असताना तो चार-पाच वेळा आमच्या चाळीतल्या घरी आला होता. आम्हा सगळ्यांना कपबशी. त्याला स्टीलचा एक पेला, तळाशी पोचा आलेला. आईने तो मोरीच्या कट्ट्यावर वेगळा ठेवलेला असायचा. केर काढायला येणाऱ्या बाईला त्याच पेल्यात चहा मिळायचा.

"आई जुन्या वळणाची होती रे," मी म्हणालो. "आता ती नाही. तिच्याबद्दल कशाला..."

"आईबद्दल नाही विचारत मी," इंगळे म्हणाला. मला पुढे वाकावं लागलं. "तू समोर बसला होतास."

तो चहा प्यायला होता. दरवेळी, शेवटच्या घोटापर्यंत, आणि आईला म्हणाला होता, मस्त झालाय काकू. झाकणाच्या कडेची केसाएवढी पात ज्याला दिसायची, त्याला तो पेला दिसला नसेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. नाही, मी काही धरूनसुद्धा चाललो नव्हतो. मी विचारच केला नव्हता. आणि बोरिवलीत त्याला म्हणालो होतो, कसली माणसं रे ती.

त्यानंतर गुरुवारचा फोन आला नाही. मी केला, दोनदा. तो नीट बोलला, तब्येत विचारली, वहिनी बऱ्या आहेत म्हणाला. निघ म्हणाला नाही. मीही घरी ये म्हणालो नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार?

एकदा रागाच्या भरात मी एकटाच मुलुंडच्या त्या उडुपी हॉटेलात गेलो. खांबावरचा कागद तसाच होता. मी गल्ल्यावर जाऊन तो काढा म्हणून सांगितलं. माझा आवाज चढला, लोक माना वळवून बघायला लागले, मॅनेजर म्हणाला, सर, आधी पाणी प्या. एक वेटर हसला. मी न खाता बाहेर पडलो. बाहेर चार बॅगवाले उभे होते. त्यातल्या कुणाशी एक शब्द बोलावा, हेसुद्धा मला सुचलं नाही.

इंगळे पुढे दुसऱ्या कंपनीचं पार्सल पोचवायला लागला, हे मला मालवणी बाईंच्या खानावळीत कळलं. आणि गेल्या दिवाळीनंतर तो आणि वहिनी नाशिकला लेकीकडे कायमचे गेले, हेही तिथेच. बाई म्हणाल्या, जायच्या आधी सगळ्यांना भेटून गेले. मी म्हणालो, हो का. बाईंना वाटलं असेल, मलाही भेटला असेल.

तो जायच्या थोडं आधी मी त्याला शेवटचं बघितलं. दुकानाच्या कामाने घाटकोपरला गेलो होतो. सोमवार होता, दुपारचा एक. रस्त्याच्या कडेने चालताना एका हॉटेलच्या काचेतून मला तो दिसला. ओळखायला वेळ लागला, कारण त्याच्या अंगात कंपनीचा टी-शर्ट होता. त्याच्याबरोबर आणखी तिघे, तिघांचे टी-शर्ट वेगवेगळ्या कंपन्यांचे, घामाने पाठीला चिकटलेले. बॅगा त्यांनी टेबलाच्या पायाशी रचल्या होत्या, हेल्मेटं टेबलावर. आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे बघत होती. मॅनेजर त्यांच्यासमोर उभा होता, हातात ऑर्डर लिहायची वही, आणि लिहावं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं. इंगळे मेनूकार्डावर बोट ठेवून एकेक पदार्थ सांगत होता. घाईने नाही. ज्याची ऑर्डर असेल त्याच्याकडे बघून, त्याला विचारून, मग मॅनेजरला. शेवटी मॅनेजर लिहायला लागला.

तेव्हा इंगळेने मान वर केली आणि त्याला मी दिसलो. काचेपलीकडे, फुटपाथवर. त्याने मला ओळखलं. मान हलवली, रस्त्यात ओळखीचा माणूस दिसल्यावर हलवतात तेवढीच. मी हात वर केला. मला आत जायचं होतं, देवाशपथ जायचं होतं. दारावरच्या माणसाने दार अर्धं उघडलंसुद्धा, मी पायरीशी थांबलोय बघून.

टेबल चौघांचं होतं आणि चौघे बसलेले होते. इंगळे पुन्हा त्याच्या माणसांकडे वळला होता. मी दारावरच्या माणसाला नको म्हणून सांगितलं आणि पुढे चालायला लागलो.